जिभेला चावलेला सेल

मंगळवार, महाड. दिवेलागण.

जिभेला अजून मुंग्या येतायत आणि मला हसू आवरत नाही.

दादाची गिटार स्पीकरला जोडायची, तिच्यातला चौकोनी सेल सारखा मरायचा. नाते गावात तर माझं गाणं ऐन रंगात आणि गिटार मुकी. पोलादपूरच्या कार्यक्रमाला गिटार नकोच, असं गायन पार्टीतले म्हणायला लागले. दादा दुकानदाराला शिव्या घालतोय, जुना माल देतो म्हणून. मला पटेना. न वाजवता सेल संपतो कसा?

घरी गिटारमध्ये स्पीकरच्या वायरची पिन कायम खोचलेली. का, तर कुंभारीण माशी भोकात मातीचं घर करते. पण पिन आत असली की सेल चालूच राहत असेल तर? रविवारी नवा सेल घातल्यावर दादाच्या नकळत पिन काढली आणि भोकात चिंधीचा बोळा कोंबला. एरवी आजपर्यंत सेल मेला असता. आज जिभेला लावून पाहिला, तर चांगलाच चावला, म्हणजे जिवंत.

दादाला दाखवलं. त्यानं वायर गुंडाळून माझ्या हातात दिली. मग म्हणाला, "वायर आता तुझ्याकडंच ठेव गो. पोलादपूरला तू सांगशील तेव्हा लावू."

पार्टीत आजवर मला फक्त गायला सांगायचे.