गुरुजींच्या वह्या आणि चारशे तीन

तीर्थस्वरूप दाजींना साष्टांग नमस्कार. (राग आहे, पण तो नमस्कारात कालवत नाही.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? ताईचा खोकला गेला असेल अशी आशा करतो. इकडे देवाच्या कृपेने सगळे ठीक आहेत, एक मी सोडून.

मागच्या आठवड्यात रविवारी सकाळी मी आंघोळ उरकली, देवापुढे नेहमीपेक्षा दोन मिनिटं जास्त उभा राहिलो, आणि सुट्टी असूनही ग्रंथालय उघडलं. वाचनकक्षातला मोठा पडदा पुसला, हातांची खुर्ची पुढे आणून ठेवली आणि गुरुजींची वाट पाहत बसलो. मला चौथीपर्यंत शिकवणारे हे गुरुजी. एकतीस वर्षं त्यांनी शाळेमागच्या तळ्यावर रोज सकाळी कोणती पाखरं आली, किती आली, वारा कुठून होता, हे लिहून ठेवलं. अकरा वह्या भरल्या. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन शुक्रवारी ठरलं होतं आणि नंतर किती दिसेल याची हमी डॉक्टरांनी दिली नव्हती. त्याआधी एकदा आपलं अक्षर नीट बघावं एवढीच त्यांची इच्छा. म्हणून मी नऊशे बारा पानांचे फोटो काढून ग्रंथालयाच्या संगणकावर चढवले होते. तिथून कोणीही घरबसल्या वाचावं आणि अक्षर हवं तेवढं मोठं करावं, असा बेत होता.

गुरुजी मुलीचा हात धरून आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला. मी बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत चारशे तीन हा आकडा आला आणि खाली एक ओळ, की तुम्हाला हे पाहण्याची परवानगी नाही. गुरुजींनी ती डोळे बारीक करून, बोटाने हवेत अक्षरं लावत वाचली. मग म्हणाले, "अरे, लिहिताना एकतीस वर्षं मला कुणी अडवलं नाही. आता वाचताना कोण अडवतंय?" मी म्हणालो, पाच मिनिटं थांबा. ते दीड तास थांबले. जाताना मुलीला म्हणाले, "पोरगं गणितात पण असंच होतं. पाच मिनिटं मागायचं."

दाजी, मला सांगा, ही काय रीत झाली? शाळेत आम्हाला वर्गाबाहेर काढायचे तेव्हा कारण सांगून काढायचे. त्या संगणकातला पानं दाखवणारा हा सर्व्हर नुसता नाही म्हणतो आणि गप्प बसतो. मी बिगरीपासून सगळं तपासलं. प्रत्येक फाइलीला एक मालक असतो, एक गट असतो आणि उरलेले सगळे 'इतर', आणि तिघांना वाचायचं की लिहायचं ते वेगवेगळं ठरवून द्यावं लागतं. नऊशे बारा पानांपैकी एकूण एक पान इतरांना वाचायला मोकळं होतं. तरी चारशे तीन. सर्व्हर अकरा वेळा बंद करून चालू केला. तरी चारशे तीन!

मग सोमवारी तुम्हाला फोन केला, ही माझी दुसरी चूक. तुम्ही म्हणालात, "पानं काय बघतोस? बाहेरून एकेक दार तपासत आत ये." मला राग आला. बावीस वर्षं या इमारतीची दारं मी उघडतो, मला दारं शिकवता? मी तसं बोललो. त्यावर तुम्ही म्हणालात, "मग कर सातशे सत्त्याहत्तर आणि हो मोकळा!" परवानग्यांचा आकडा सातशे सत्त्याहत्तर म्हणजे कुणीही यावं, वाचावं, खोडावं, वर आपलं काही लिहावं. देवळाच्या दानपेटीला झाकण न ठेवण्यासारखंच ते. माझ्या मनाला पटत नव्हतं. पण तुम्ही थोरले, म्हणून मी त्या संगणकातल्या माझ्या खासगी कप्प्याला, म्हणजे संपूर्ण घरफोल्डरला, ते लावलं.

परिणाम ऐका. चारशे तीन जागच्या जागी. आणि मंगळवारी सकाळी माझ्या टेबलावरच्या यंत्रावरून नेहमीसारखा त्या संगणकात शिरायला गेलो, तर त्याने मलाच हाकललं. कारण काय, तर ज्या घराचं दार सगळ्यांना सताड उघडं, तिथे ठेवलेल्या, माझी ओळख पटवणाऱ्या किल्लीवर त्याचा विश्वास नाही. म्हणजे साऱ्या जगाला दार उघडलं आणि बाहेर राहिलो एकटा मी! शेवटी अडगळीच्या खोलीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांमध्ये, स्टुलावर बसून आणि कीबोर्ड मांडीवर घेऊन मी खुद्द त्या संगणकाच्या पेटीसमोर काम केलं. दुपारी ग्रंथपालबाई डोकावल्या. "जप चाललाय का?" म्हणाल्या. मी हो म्हणालो. खोटं नव्हतं ते.

तिथे बसल्यावर, रागाच्या भरात का होईना, बाहेरून एकेक दार तपासत आत आलो. पानं मोकळी होती, पानांचा फोल्डर मोकळा होता, पण ती सगळी होती माझ्या घरफोल्डरात. पहिल्या दिवशी शिस्त म्हणून मीच त्याला कडी घातली होती. फोल्डरातून नुसतं जायलाही परवानगी लागते, हे मी विसरलो होतो. ती कडी तुमच्या आकड्याने निघाली खरी, पण कुठल्या फोल्डरांत शिरायचं याच्या सर्व्हरच्या स्वतःच्या यादीत माझं घर नव्हतंच. यादीबाहेर तो पाऊल टाकत नाही. मग मी विचार केला, सगळ्यांसाठी असलेली वस्तू मी माझ्या घरात ठेवलीच कशाला? वह्या उचलून सर्व्हरच्या सार्वजनिक फोल्डरात नेल्या, घराला पुन्हा कडी घातली. बुधवारी संध्याकाळी पहिलं पान उघडलं. मी हात जोडले. (यंत्राला नव्हे.)

गुरुवारी गुरुजींनी घरी बसून वह्या वाचल्या. त्यांच्या मुलीने एकेक अक्षर तळहाताएवढं करून दिलं.

आपला आज्ञाधारक (सातशे सत्त्याहत्तर सोडून),
धाकटा मेहुणा

ता. क. तुम्ही सोमवारी पहिल्याच वाक्यात बरोबर सांगितलं होतं. ताईला हे कळू नये.

ता. क. दुसरा. पत्र लिहिण्याचं खरं कारण हे. ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्याने मोठं अक्षर दिसतं. काल भेटायला गेलो तर गुरुजी म्हणाले, "वाचायला दिलंस, छान केलंस. लिहायचं कसं?" सव्वीस वर्षांपूर्वीच्या एका नोंदीत बगळा लिहिलाय, तो बगळा नव्हता म्हणे. त्यांना ते दुरुस्त करायचंय, शिवाय खिडकीतून दिसणारी पाखरंही रोज मुलीकडून लिहवून घ्यायची आहेत. मी नियम सांगितला, की इतरांना फक्त वाचता येतं, लिहायचं ते मालकाने. त्यांनी विचारलं, "मालक कोण?" तर आता ते तुम्हाला रोज सकाळी फोन करतील, तिथे लिहायचं कसं तेवढं त्यांना शिकवा. माझं शिकवणं ते ऐकत नाहीत, मला मागच्या बाकावरचा म्हणतात. आवाज चढवू नका, आणि कुठलाही आकडा सुचवू नका. आज सकाळी ग्रंथालय उघडल्या उघडल्या मी अकराही वह्यांच्या मालकाच्या जागी माझं नाव काढून त्यांचं घातलं.