टीपकागदाचं सुतक

जामबाग, हैदराबाद
१७ जून २०२४

ती. एकनाथदादास,
भामाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं, पण घर एवढंसं आणि हे शेजारीच कण्हत बसलेत. मीटरच्या कंपनीत तक्रारी ऐकतात. साहेब अप्पाराव ओरडले की ते ओरडणं यांच्यासोबत घरी येतं, जेवायलाही बसतं. काल भेंडीचं देठ ताटात राहिलं म्हणून रसिकाकडे लेखी खुलासा मागितला. पोरगी आठ वर्षांची. चाळीस पोरं मीही शाळेत सांभाळते, पण चप्पल काढली की शाळा विसरते. महिनाअखेरपर्यंत फरक पडला नाही तर रसिकाला घेऊन लातूरला येते. परतीचं नंतर बघू. लोभ ठेव, आणि माडीवरची खोली झाडून ठेव.

तुझी भामा


लातूर
२२ जून २०२४

चि. भामास अनेक आशीर्वाद.

तू अळवाचं पान. पाणी पडलं की घरंगळलं. प्रतापराव टीपकागद. दोष कुणाचाच नाही, पण टीपकागद दाराबाहेर वाळवावा लागतो. मेलेल्याच्या सुतकालाही शास्त्राने मुदत घातली. ऑफिसचं सुतक मात्र पूर्वसूरींच्या नजरेतून सुटलं. तेव्हा ऑफिसातून आले की स्मशानातून आल्यासारखे दारातच पाय धुवायला लाव, कडुनिंबाचं पान चावायला दे, मगच आत घे. खोली झाडली, पण तिथे आंबे पसरलेत. ते पिकेपर्यंत तरी संसार टिकव. प्रतापरावांना नमस्कार, आणि हे पत्र दाखवू नकोस.

तुझा दादा


जामबाग, हैदराबाद
१ जुलै २०२४

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

उपाय केला. तिसऱ्याच दिवशी खालच्या त्रिवेणीवहिनींनी कोण गेलं म्हणून विचारलं. यांना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "साहेब. रोजच."

वहिनींना वाटलं, धक्क्यानं बडबडतायत. संध्याकाळी चार घरांतून पिठलं-भात आला. नक्को रडू भाऊ, असं म्हणत वहिनीच रडू लागल्या. टीपकागदच तो; हेही रडले. तेवढ्यात ऑफिसात राहिलेला यांचा डबा घेऊन खुद्द अप्पाराव दारात. कोण वारलं म्हणाले. आपणच, असं मला सांगावं लागलं.

त्यांनी डबा माझ्या हातात दिला. मग पाय धुऊन पंगतीला बसले, दोनदा पिठलं घेतलं आणि हळूच म्हणाले, "माझ्या घरी एवढं कुणी रडणार नाही."

तेव्हापासून सहा वाजता आमच्या नळावर दोघं पाय धुतात. साहेब पान चावून सुलतान बाजारला आपल्या घरी जातात. त्यांच्या बायकोने मला साडी पाठवलीय. हे आत येतात आणि रसिकाला आज शाळेत काय झालं ते विचारतात.

मी भरलेली बॅग रिकामी केली. पण लातूर रद्द का, याचा रसिकाने लेखी खुलासा मागितला आहे. तो तू द्यावास, आंब्यांसह. आशीर्वाद असू दे.

तुझी भामा