शंभर मीटर आणि एक कोपर

२ जानेवारी, सोमवार. दुपारी ४.१०

घडलं ते क्रमाने:

१. सकाळी मुख्याध्यापिका बाईंनी बोलावलं.
२. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला चार कॅमेरे दिले आहेत. फोटोग्राफी क्लब सुरू करायचा आहे.
३. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, मी घेते.
४. मी म्हणाले, मी घेते. माझ्याकडे इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा आहे.
५. मुख्याध्यापिका म्हणाल्या, क्रीडादिनापर्यंत लॅबमध्ये चालू दे. ४ फेब्रुवारीचे फोटो बघू आणि क्लब कायमचा कोणाकडे द्यायचा ते ठरवू.
६. कॅमेरे मी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवले. कुलूप लावलं.

तीन वर्षं मी इथे प्रयोगशाळा सहायक आहे. मुलं मला 'लॅबवाल्या ताई' म्हणतात. क्लब कायम झाला की 'बाई' म्हणावं लागेल. मी याला महत्त्व देत नाही. फक्त नोंद.

६ जानेवारी, शुक्रवार

पहिला तास. चौदा मुलं. सगळ्यांची नजर कपाटावर. मी स्पष्ट केलं की आधी थिअरी, मग उपकरण. फळ्यावर छिद्र, वेळ आणि संवेदनशीलता यांचा तक्ता काढला. तक्ता सुरेख आला.

आठवीतली एक मुलगी दर वाक्यानंतर हात वर करते. तिचं नाव मी प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. तिने विचारलं, तुम्ही काढलेले फोटो दाखवता का? तास तिथेच संपवला. वीस मिनिटं शिल्लक होती, पण थकलेल्या डोक्यात थिअरी शिरत नाही.

फोटो मी अजून काढलेले नाहीत. पोहणं शिकवणाऱ्याने आधी बुडून बघायचं नसतं.

१३ जानेवारी, शुक्रवार

नऊ मुलं. गाळण नीट चालू आहे.

आज रिकामे हात कॅमेरा धरल्यासारखे धरून श्वास रोखण्याचा सराव घेतला. चित्रकलेच्या बाई दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, अगं, ही पोरं कोणाला शरण येतायत? मुलं हसली. मी हसले नाही. या बाईंच्या ओढणीला कायम कुठला तरी रंग लागलेला असतो. अशा माणसाच्या हाती लेन्स द्यायची म्हणजे झालंच.

कपाटात सिलिका जेलच्या पुड्या वाढवल्या.

१८ जानेवारी, बुधवार. संध्याकाळ

एक कॅमेरा घरी आणला. रजिस्टरमध्ये मीच मागितला, मीच मंजूर केला.

आईला अर्जासाठी फोटो हवा होता. तिला खिडकीशी बसवलं. कपाळावरचा प्रकाश मोजला, मग गालावरचा, मग हनुवटीखालचा. ती म्हणाली, तू माझा फोटो काढतेयस की ताप बघतेयस? चौथ्या मोजणीला कुकर बंद करायला म्हणून उठली ती परत आली नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन तीन मिनिटांत फोटो काढून आली.

माझ्याकडे भिंतीचा फोटो आहे. रंगाचे पोपडेसुद्धा मोजता येतात. आईला दाखवला. म्हणाली, छान आहे, पण मी यात कुठे आहे?

सहकार्य नसेल तर तंत्र काय करणार.

२० जानेवारी, शुक्रवार

चार मुलं. लेखी चाचणी घेतली, वीस गुणांची. सर्वाधिक सहा. पेपर उत्तम होता.

प्रश्नचिन्हने उत्तरपत्रिकेच्या शेवटी लिहिलं आहे: ताई, कॅमेरा कधी देणार? हा अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न म्हणून तिचा अर्धा गुण कापला.

२७ जानेवारी, शुक्रवार

एक मुलगा. तोही पंख्याखाली झोपायला येतो. गुणोत्तर आदर्श आहे.

बाकीचे चित्रकलेच्या बाईंबरोबर मैदानावर दिसले. घरून आणलेले फोन घेऊन पालथे पडले होते. बाईसुद्धा पालथ्या. प्रश्नचिन्ह झाडावर. ना स्टँड, ना मोजमाप, नुसता आरडाओरडा. मी खिडकी लावून घेतली. मुलगा म्हणाला, ताई, गरम होतंय. त्याला जा म्हटलं. तो मैदानावरच गेला.

२ फेब्रुवारी, गुरुवार

योजना पूर्ण. चूक शक्यच नाही.

बघून बटण दाबणारा माणूस नेहमी उशिरा दाबतो, कारण डोळ्यापासून बोटापर्यंत निरोप पोचायला वेळ लागतो. म्हणून मी बघणारच नाही. गेल्या वर्षीच्या सगळ्या शर्यतींच्या नोंदी काढल्या. उदाहरणार्थ, आठवीच्या मुलींत पहिली आलेली १५.२ सेकंदांत पोचली होती. कॅमेरा ट्रायपॉडवर, फोकस अंतिम रेषेवर पक्का, रिमोटचं बटण माझ्या हातात, नजर स्टॉपवॉचवर. शिट्टी वाजली की घड्याळ सुरू. १५.२ ला बटण. बस.

चित्रकलेच्या बाईंना वाटेत ऐकवलं की शनिवारी काय ते कळेल. त्या म्हणाल्या, हो गं, मला शंभर मीटर फार आवडते. एवढंच. टोमणा होता की नाही हे ठरवता आलं नाही, तेव्हा होता असं धरते.

४ फेब्रुवारी, शनिवार. रात्री ८

सात शर्यती. सात फोटो. बटण प्रत्येक वेळी ठरल्या क्षणी दाबलं. एवढी शिस्त मैदानावर दुसऱ्या कोणाकडे नव्हती. धावणाऱ्यांकडे तर मुळीच नव्हती.

अंतिम रेषा सातही फोटोंत अप्रतिम आली आहे. चुन्याचा कण न् कण दिसतो. पाच फोटोंत धावपटू अजून पोचलेले नाहीत. एकात निघून गेले आहेत. एकात डाव्या कडेला एक कोपर आहे. कोपर तीक्ष्ण आहे.

आठवा फोटो माझा नव्हे. ट्रायपॉड उचलताना बटण दाबलं गेलं. क्षितिज तिरकं, फोकस नाही. प्रश्नचिन्ह शेवटून पहिली आली, तीही सगळे पांगल्यावर. दोन्ही हात वर करून, तोंड उघडं टाकून, जिंकल्यासारखी धावत येते आहे. मागे चित्रकलेच्या बाई उड्या मारतायत. टाकाऊ फ्रेम. डिलीट करायची राहून गेली.

६ फेब्रुवारी, सोमवार

मुख्याध्यापिकांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले. मग म्हणाल्या, रेषा सुंदर आली आहे, पण पळालं कोण? मी स्टॉपवॉचच्या नोंदी पुढे ठेवल्या. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. क्लब चित्रकलेच्या बाईंकडे. कपाटाच्या किल्ल्या आज पाचच्या आत द्यायच्या.

चित्रकलेच्या बाईंनी मुलांच्या फोनमधले बावीस फोटो प्रवेशद्वाराच्या फलकावर लावले. मधोमध माझा आठवा. खाली माझं नाव. मी लेखी हरकत घेतली: प्रतिमा सदोष आहे, नाव काढावं. बाई म्हणाल्या, अगं, सदोष काय, ती पोरगी केव्हापासून फलकासमोरून हलत नाहीये.

किल्ल्या ४.५८ ला दिल्या.

७ फेब्रुवारी, मंगळवार

फलकासमोरून चार वेळा गेले. दोष तपासायला. तिसऱ्या वेळी प्रश्नचिन्ह तिथेच उभी होती. म्हणाली, ताई, हा कसा काढलात? आयुष्यात पहिल्यांदा तिने नेमका प्रश्न विचारला.

म्हणाले, चुकून.

ती म्हणाली, मग आमच्यासारखंच.

ती आता क्लबची सेक्रेटरी आहे. रविवारी सगळे कॅमेरे घेऊन नदीवर जाणार आहेत. अर्ज तिच्याकडे द्यायचा असतो.

८ फेब्रुवारी, बुधवार. सकाळ

मसुदा. यापेक्षा लहान होत नाही.

सेक्रेटरी, फोटोग्राफी क्लब यांस,
रविवारच्या सहलीत नवशिकी सदस्य म्हणून येण्याची परवानगी हवी आहे. इयत्ता: लागू नाही. पूर्वानुभव: एक फोटो. स्वतःचा कॅमेरा: नाही. क्लबचा एखादा मोकळा असल्यास थोडा वेळ हातात मिळावा. मोजमापाची उपकरणं आणणार नाही.
जागा आहे की नाही ते शुक्रवार, १० तारखेपर्यंत कळवावं.
– लॅबवाल्या ताई