वन्संच्या हाती गुलाबदाणी

रत्नागिरी, चैत्रातला शुक्रवार, १९५५

आज वन्संना गोदाकाकूंच्या हळदीकुंकवाला नेलं. वय तीस, समज सहा वर्षांच्या मुलीची, म्हणून आजवर कुणी कुठे नेलंच नव्हतं. निघताना सासूबाई म्हणाल्या, "हसतील हो बायका तिला." मी ऐकलं नाही, पण वाटेत मनात आलं, उगाच हट्ट केला का मी?

वन्सं दाराशीच थबकल्या, माझा पदर सोडीनात. काकूंनी सरळ त्यांच्या हाती गुलाबदाणी दिली. "गुलाबपाणी तूच शिंपड गो सगळ्यांवर." मग काय! एकीलाही सोडलं नाही. मामलेदारीणबाईंवर तर तीनदा! मी गुलाबदाणी घ्यायला पुढे झाले. त्या मात्र म्हणाल्या, "अजून एकदा गो, उकडतंय किती!" पुन्हा गुलाबदाणी! सगळ्या हसल्या, आणि वन्सं सगळ्यांत मोठ्यानं. लग्नाला चार वर्षं झाली, पण त्यांचं असं हसू मी कधी ऐकलं नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वन्संचा गुलाबपाण्यानं ओला झालेला पदर हातात घेतला. मग म्हणाल्या, "मंगळवारी खालच्या आळीत आहे ना हळदीकुंकू? तिला माझं निळं लुगडं नेसव."