पिवळा दिवा मी मुद्दाम ठेवला होता

बाबा,

जीपच्या एबीएसचा फ्यूज मी मुद्दाम काढून ठेवला होता. डॅशबोर्डवर पिवळा दिवा दिसला म्हणून तुम्ही तो परत बसवलात आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत.

डांबरी रस्त्यावर एबीएस हवंच, ते मलाही कळतं. पण मी कामाला जाते त्या डोंगरावरच्या मोबाइल टॉवरवरून खाली येणारा उतार सगळा सुट्या खडीचा आहे. तिथे ब्रेकनं चाक जाम होऊन अडकलं की त्याच्यापुढे खडी साठते आणि गाडी थांबते. एबीएस चाक अडकूच देत नाही. आज सकाळी मी ब्रेक दाबतेय, पेडल पायाखाली थरथरतंय आणि गाडी आपली चाललीय खाली. पहिल्या गिअरमध्ये होते म्हणून निभावलं. शेवटी मातीच्या बांधात घातली. बंपर गेला.

शेजारी आई होती. तिला वरून गाव बघायचं होतं. जीव मुठीत धरून बसली होती. तिला लागलेलं नाही, मावशीकडे जरा आडवी झाली आहे. मी गॅरेजला जातेय.

चाळीस वर्षं बस चालवल्याचं आज ऐकवू नका. तुमच्या बसला एबीएस नव्हतं.

फ्यूज काढताना मी सांगितलं नाही, ही माझी चूक. पण पंधरा दिवसांचा आपला अबोला घरात खपतो, उतारावर नाही.

आईला फोन करा. आणि तुम्हाला जे म्हणायचं असेल ते या कागदाच्या मागे लिहून ठेवू नका. तोंडानं सांगा.