बाटलीच्या तळाचा साका

प्रति,
मा. अधीक्षक,
पेय तपासणी कार्यालय.

विषय : जप्त बाटलीच्या तळाशी बसलेला साका, तो जिवंत आहे तोवर, परत मिळणेबाबत.
संदर्भ : आपली 'बिअर गढूळ असल्याबाबत' नोटीस व त्यानंतरची 'बिअर स्वच्छ असल्याबाबत' नोटीस.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराचा बिअरचा लहानसा कारखाना आहे. अर्जदार स्वतः पीत नाही. तो देवभोळा, कीर्तनात रमणारा माणूस आहे. प्रत्येक पिंपाची चव त्याची पत्नी घेते व तिचा शब्द अखेरचा असतो.

१. आपले निरीक्षक तपासणीस आले असता त्यांनी भरलेला पेला डोळ्यांसमोर धरला. त्यातून भिंतीवरचा परवाना वाचता येईना. "ही बिअर आहे की भांडी विसळलेलं पाणी?" असे ते म्हणाले. त्यावर पत्नी म्हणाली, "परवाना वाचायचाय तर पेला बाजूला करा की, भाऊसाहेब!" याची नोंद 'असहकार' अशी झाली.

२. आता ही बिअर गाळत का नाहीत, ते ऐकावे. तिच्यात गव्हाचा अंश व ती आंबवणारे जिवंत यीस्ट तरंगत असते. भरीवपणा, वास, फेस हे सारे त्यातूनच येते. गाळली की रूप उजळते आणि जीव जातो. सूर स्वच्छ हवा म्हणून गाणाऱ्याचा श्वासच काढून घ्यावा, तसे ते होते. शिवाय एका पिंपाच्या तळाचा साका हेच पुढच्या पिंपाचे विरजण असते. हा साका सासऱ्यांच्या घरचा. त्यांनी मुलगी दिली तेव्हा सोबत साक्याची बरणीही दिली. "मुलीला जपा," असे ते एकदाच म्हणाले; "बरणीला जपा," असे गाडी सुटेपर्यंत म्हणत होते.

३. निरीक्षकांनी नेलेली बाटली आपल्या कपाटात निवांत राहिली. साका तळाशी बसला, वरची बिअर आरशासारखी झाली. ती पाहून आपल्या परीक्षकांनी अर्जदाराने बाटली बदलल्याचा ठपका ठेवला व दुसरी नोटीस काढली. कपाटाची किल्ली आपल्याच कार्यालयात असते, हे नम्रपणे नमूद करतो. अर्जदाराच्या विनंतीवरून लिपिकांनी बाटली हलवली. ती गढूळ झाली व पहिली नोटीस पुन्हा लागू झाली. फाईल आपल्या टेबलावर पोचेपर्यंत साका खाली बसला व दुसरी लागू झाली. सध्या दोन्ही गुन्हे अर्जदारावर आळीपाळीने चालू आहेत.

४. दरम्यान, आदेशाप्रमाणे अर्जदाराने गाळणयंत्र बसवले. पिंपे उकळत्या पाण्याने धुतली. बरणीतला साकाही निरीक्षकांसमक्ष 'घाण' म्हणून मोरीत ओतला गेला. नवे पिंप तेव्हापासून मुके आहे; आंबतानाची बुडबुड त्यातून ऐकू येत नाही. पत्नी त्याला कान लावून बसते. बाजारचे यीस्ट घालून दुसरे पिंप लावले, तर एक घोट घेऊन ती म्हणाली, "बिअर आहे, पण आपली नाही." त्यानंतर ती अर्जदाराशी बोललेली नाही.

५. सासरे आता हयात नाहीत. त्यांच्या साक्यापैकी जे काही जिवंत उरले आहे, ते आपल्या कपाटातल्या बाटलीच्या तळाशी आहे आणि उपाशी आहे. तरी कृपावंत होऊन ती बाटली न हलवता उघडावी. वरची बिअर हळूच ओतून घ्यावी. ती आपल्याच परीक्षकांच्या मते स्वच्छ आहे, तेव्हा तिचे कार्यालयाने योग्य वाटेल ते करावे. अर्जदार काही विचारणार नाही. खालचा चमचाभर साका तेवढा द्यावा. पुरावा देता येत नसल्यास, त्याला कपाटातच साखरपाणी घालण्याची परवानगी पत्नीस द्यावी. ती कामाच्या वेळेतच येईल. साक्याशी बोलताना ती कार्यालयाबद्दल चार शब्द बोलेल, ते मनावर घेऊ नयेत.

दोन्ही गुन्हे अर्जदारास कबूल आहेत. कोणता आधी लिहावा, ते बाटलीकडे पाहून ठरवावे.

आपला नम्र व उतावीळ,
अर्जदार (बिअरवाला)

दिनांक : आजचाच. उद्याचा चालणार नाही.

सोबत :
१. दोन्ही नोटिसांच्या प्रती.
२. अर्जदाराची पत्नी. बाहेर बाकावर बसली आहे. चमचा तिने घरून आणला आहे.