एकटं बसायची खोली

माहीम, ४ जुलै

चि. सुशांत यास आईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि तू ओरडून बोललास की अक्षदाची सासू कान टवकारते. म्हणून लिहिते. माझ्या खोलीचं रंगकाम आठ दिवसांत उरकेल म्हणालास, महिना झाला. राजवाडा रंगवतोयस काय रे? अक्षदा काही बोलत नाही, पण लेकीच्या सासरी किती दिवस पाय पसरायचे? माझ्यापायी जावईबापू बाहेर सोफ्यावर झोपतात. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझी खाट, ट्रंक आणि शिवणाचं मशीन पॅसेजमध्ये भिजत ठेवू नका. अपेक्षाला म्हणावं, सूनबाई, खोलीचे पडदे मी शिवते, बाहेर शिवायला टाकू नकोस. न्यायला कधी येतोस ते कळव.

तुझी आई

परळ, १९ जुलै

ती. आईस सा. न. वि. वि.

रागावू नकोस गं. खोली मस्त झालीय, फोटो अक्षदाच्या मोबाइलवर पाठवलाय. फिकट भिंती, जमिनीवर एक गादी, एक कुंडी, बस्स. डिझायनरबाई म्हणाल्या, माणसाला थोडा वेळ एकटं बसता आलं पाहिजे. ऑफिसातून आल्यावर मी आणि अपेक्षा आळीपाळीने बसतो. डोकं शांत होतं.

खाट, ट्रंक भंगारात दिली. मशीन महिला मंडळाने नेलं. खालची गादी तुझ्या गुडघ्यांना झेपायची नाही, आणि हॉलमध्ये आमच्या नीलचा दहावीचा अभ्यास. तेव्हा सध्या अक्षदाकडेच बरी आहेस.

गणपतीला मात्र यायचंच. मखर त्याच खोलीत करतोय. सकाळी न्यायला येतो, मोदक तुझ्याच हातचे हवेत. संध्याकाळची आरती झाली की गाडीने परत सोडतो.

तुझा सुशांत

माहीम, २५ जुलै

चि. सुशांत यास आशीर्वाद.

फोटो पाहिला. त्याच खोलीत आपण पाच माणसं ओळीने झोपायचो. डोकं शांत करायला कुणाला वेगळी जागा लागली नाही.

मशीन द्यायच्या आधी विचारायचंस तरी. गिरणी बंद पडली तेव्हा त्याच्यावर घर चाललं होतं. अपेक्षाला मी बोल लावत नाही, ती परक्या घरची. तू तर माझ्या पोटचा ना रे? स्वतःला एकटं बसायला खोली केलीस आणि मला लेकीच्या दारात उपरी केलीस.

गणपतीला मी येणार नाही. मोदक दादरला विकत मिळतात. आपला गणपती पाच दिवसांचा. ज्यांना तेवढं जमत नाही, तेसुद्धा त्याला दीड दिवस ठेवून घेतात. तू आईला आरती झाली की पोचवतोस.

लोभ ठेव. खोलीत मावत नसेल तर राहू दे.

आई